मांजरेचे 2016 साल : सार्वजनिक जलयुक्त लातूर व्यवस्थापन समिती

सिंदफणेकाठच्या स्मरणिकेत लातूरच्या समितीचा इतिहास कशासाठी, असे शिरूर कासारचा वाचक विचारणारच. याचे उत्तर पाटोदा तालुक्यात सापडते. सिंदफणा चिंचोलीच्या डोंगरात उगम पावते आणि त्याच तालुक्यात, गवळवाडीच्या शिवारात, मांजरा जन्मते. बालाघाटाच्या एकाच पाठीवर पडलेला पाऊस दोन वाटांनी निघतो. सिंदफणा शिरूर कासारवरून खाली उतरते, वाटेत बिंदुसरा, कुंडलिका यांना सोबत घेते, माजलगावच्या धरणात थांबते आणि मंजरथला गोदावरीत मिसळते. मांजरा पूर्वेकडे वळते. धनेगावचे धरण, लातूर, बीदर, मग तेलंगणातले सिंगूर आणि निजामसागर, असा 724 किलोमीटरचा लांब वळसा घेऊन तीही अखेर गोदावरीलाच मिळते. दोघींचा डोंगर एक, खडक एक आणि दुष्काळही एकच. एकीच्या काठावर 2016 साली जे घडले त्याची नोंद दुसरीच्या काठावर असायला हवी.

त्या सालाकडे जाण्याआधी धनेगाव समजून घेतले पाहिजे. धनेगावचे हे मांजरा धरण केज तालुक्यात आहे. त्याचा उपयुक्त साठा सुमारे 177 दशलक्ष घनमीटर. लातूर शहर, अंबाजोगाई, केज, धारूर, कळंब या सगळ्यांचे पिण्याचे पाणी या एका धरणावर. शिवाय लाभक्षेत्रात ऊस. धरण भरले की ऊस वाढायचा, वाढलेल्या उसाला पुढच्या वर्षीही पाणी लागायचे, आणि पुढच्या वर्षी पाऊस दगा द्यायचा. 2012 च्या दुष्काळानंतर धरण नीट भरलेच नाही. 2014 आणि 2015 ही दोन वर्षे लागोपाठ कोरडी गेली. 2016 च्या सुरुवातीला धरणात उरला होता तो मृतसाठा, आणि पुढे तोही संपला.

लातूर हे काही खेडे नव्हे. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 3 लाख 82 हजारांच्या पुढे होती. बाहेरगावची मुले शिकायला येतात, शिकवणी वर्गांच्या गल्ल्याच्या गल्ल्या आहेत, डाळींचा मोठा बाजार आहे. त्या उन्हाळ्यात वसतिगृहे रिकामी होऊ लागली आणि टँकरच्या वेळा लोकांना पाठ झाल्या. मार्चमध्ये जिल्हा प्रशासनाने पाणी भरण्याच्या ठिकाणी जमाव होऊ नये म्हणून कलम 144 लावले. पाण्यासाठी जमावबंदी, ही बातमी देशभर गेली. आपल्याकडच्या लोकांना तिचे फारसे नवल वाटले नाही. बोअरवर घागरींच्या रांगेत होणारी भांडणे बीड जिल्ह्याने त्याआधीच पाहिली होती.

पुढे आली ती रेल्वे. मिरजेहून सुटलेली ‘जलदूत’ 12 एप्रिल 2016 च्या पहाटे लातूरला पोहोचली. दहा वाघिणी, प्रत्येकीत साधारण 50 हजार लिटर, म्हणजे 5 लाख लिटर पाणी. अंतर सुमारे 340 किलोमीटर. वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे फलाटावर दाटले होते. या पाण्याला शहराच्या लोकसंख्येने भागले तर माणशी सव्वा लिटरच्या आसपास पाणी पडते. पुढे 50 वाघिणींची गाडी सुरू झाली तेव्हा ते साडेसहा लिटरवर गेले. ऑगस्टपर्यंत गाडीच्या शंभराहून अधिक फेऱ्या झाल्या. रेल्वेचे उपकार लातूरकर विसरणार नाहीत, पण साडेसहा लिटरांवर शहर जगत नाही, हे प्रत्येक घरातल्या बाईला ठाऊक होते.

या कहाणीत एक तारीख मात्र झाकोळून गेली. मांजरेच्या पात्रात काम सुरू झाले ते गुढीपाडव्याला, 8 एप्रिलला. म्हणजे गाडी येण्याच्या चार दिवस आधी. बाहेरचे पाणी येते की नाही याची वाट न पाहता गावातली माणसे नदीत उतरली होती. माझ्या मते समितीच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची नोंद हीच, आणि नेमकी तीच बहुतेक लेखांत सापडत नाही. कॅमेऱ्यांना गाडी दिसली. पोकलेन दिसायला शहराबाहेर जावे लागत होते.

समितीचे पूर्ण नाव ‘सार्वजनिक जलयुक्त लातूर व्यवस्थापन समिती’. नाव लांबलचक, म्हणून सगळे ‘जलयुक्त लातूर’ म्हणू लागले. अध्यक्ष होते डॉ. अशोक कुकडे. 1966 साली सहकारी डॉक्टरांना घेऊन लातुरात विवेकानंद रुग्णालय उभे करणारे ते शल्यचिकित्सक. पुढे 2019 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले, पण लातूरकरांच्या लेखी त्यांची पत किल्लारीच्या भूकंपातच, 1993 सालीच, ठरून गेली होती. आर्ट ऑफ लिव्हिंगचे मकरंद जाधव आणि त्यांचे कार्यकर्ते लातूर जिल्ह्यातल्या लहान नद्या-ओढ्यांवर आधीपासून काम करत होते. यंत्र कुठे लावायचे, गाळ कुठे टाकायचा, शेतकऱ्याला कसे राजी करायचे, हा अनुभव त्यांनी आणला. रा. स्व. संघाच्या जनकल्याण समितीपासून व्यापारी आणि डॉक्टरांच्या संघटनांपर्यंत अनेकांनी हात लावला. पैसा प्रामुख्याने लोकवर्गणीचा होता, आणि तो कोटींच्या घरात गेला.

अशा समितीत अध्यक्ष कोण, यावर निम्मे काम होते किंवा बिघडते. आपल्या भागात वर्गणी मागायला गेले की पहिला प्रश्न ‘किती?’ असा नसतो. ‘मागे कोण आहे?’ असा असतो. मागे पुढारी असेल तर विरोधी गटाचा माणूस दार लावून घेतो, आणि कंत्राटदार असेल तर सगळेच लावून घेतात. डॉ. कुकडे यांची वैचारिक बांधिलकी उघड होती, ती त्यांनी कधी लपवली नाही. तरीही दवाखान्याच्या ओसरीवर पाच दशके सगळ्या जातीपातीची माणसे पाहिलेल्या डॉक्टरवर शहराने विश्वास टाकला. शिरूर कासारला अशी समिती करायची झाल्यास कोणाच्या नावावर वर्गणी जमेल, हे ज्याने-त्याने मनाशी पडताळून पाहावे.

आता कामाविषयी. साईगाव ते नागझरी असा 18 किलोमीटरचा पट्टा निवडला गेला. या भागात नदीवर बंधारे आहेत. बंधाऱ्यामागे पाणी थांबते तसा गाळही थांबतो, आणि वर्षानुवर्षे थांबलेला गाळ पाण्याची जागा खातो. कडेने बाभळी आणि बेशरम माजते, पात्र अरुंद होते. पोकलेनने गाळ उपसायचा, टिप्परने बाहेर न्यायचा, पात्र रुंद आणि खोल करायचे, असे हे काम. सांगायला सोपे. प्रत्यक्षात डिझेलचा खर्च, मोडलेले यंत्र, तळाशी लागलेला खडक, काठच्या शेतकऱ्याची हद्द आणि डोक्यावर एप्रिल-मेचे ऊन. शिवाय मुदत एकच : पाऊस. मृग बरसला की यंत्र बाहेर काढावेच लागते.

या खटाटोपातून किती पाणी हाती येते, याचा कागदावरचा हिशेब पाहू. नदीचा एक किलोमीटर लांब आणि 50 मीटर रुंद पट्टा फक्त एक मीटर खोल केला तर 50 हजार घनमीटर जागा होते. म्हणजे 5 कोटी लिटर. मिरजेच्या 50 वाघिणींच्या गाडीच्या वीस फेऱ्या. एका किलोमीटरमागे वीस! 18 किलोमीटरला हेच माप लावले तर 360 फेऱ्या. हा आकडा पाहिला की पात्रात उतरण्याचा निर्णय किती शहाणपणाचा होता ते कळते.

पण हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. तेच 18 किलोमीटर म्हणजे 90 कोटी लिटर, जेमतेम 0.9 दशलक्ष घनमीटर. धनेगावच्या उपयुक्त साठ्याचा हा सुमारे दोनशेवा भाग. त्यात मे महिन्यात उघड्या पाण्याची पातळी वाफेनेच दिवसाला एखादा सेंटिमीटर उतरते. म्हणून खोल केलेले पात्र धरणाची जागा घेऊ शकत नाही. टंचाईच्या काळात ते शहराला काही आठवडे, फार तर काही महिने तारून नेते, आणि काठच्या विहिरींना पाझर देते. समितीचे काम या मापाने मोजले तर ते मोठेच ठरते. ‘लातूर कायमचे दुष्काळमुक्त’ या मापाने मोजले तर समितीवर अन्याय होतो, आणि हा अन्याय तिच्या चाहत्यांनीच जास्त केला.

त्या वर्षी पाऊस पावला. खोल केलेल्या पात्रात पाणी साठले, परतीच्या पावसाने धनेगावही भरले, आणि मांजरेला कितीतरी वर्षांनी पूर आला. उन्हाळ्यात ज्या पात्रात टिप्पर फिरत होते ते पाण्याने भरलेले पाहायला शहरातून माणसे लोटली. त्या आनंदात श्रेय कोणाचे हा वाद व्हायचाच होता. सरकारचे जलयुक्त शिवार अभियान डिसेंबर 2014 पासून सुरूच होते, त्यामुळे ‘जलयुक्त’ हे नाव ऐकून अनेकांना हे कामही सरकारीच वाटले.

याच उन्हाळ्यात थोड्याच अंतरावर, अंबाजोगाई तालुक्यात, अगदी वेगळ्या तऱ्हेचे काम चालू होते. पानी फाउंडेशनची पहिली सत्यमेव जयते वॉटर कप स्पर्धा 20 एप्रिलला सुरू झाली आणि 45 दिवस चालली. वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांतली 116 गावे तिच्यात उतरली. तिथे बायाबापड्या पहाटे टिकाव-फावडे घेऊन माळावर जात आणि उतारावर सलग समतल चर खणत. एकाच महिन्यात, एकाच दुष्काळात, एकीकडे नदीच्या तळाशी यंत्र आणि दुसरीकडे डोंगराच्या माथ्याशी कुदळ. दोन्ही ठिकाणची माणसे खरी होती, घाम खरा होता. पण पाणलोटाचे शास्त्र शिकलेला कोणीही सांगेल की सुरुवात माथ्यापासून करायची असते. माथ्यावर माती अडवली नाही तर ती वाहून पात्रातच येते, आणि आज उपसलेला गाळ काही वर्षांत पुन्हा तिथेच बसतो. जालना जिल्ह्यातल्या कडवंचीने हा क्रम पाळला. 1990 च्या दशकात तिथे माथा ते पायथा काम झाले आणि त्या गावाच्या द्राक्षबागा दुष्काळातही टिकल्या.

नदी खोलीकरणावर जाणकारांनी त्याच काळात हरकती घेतल्या होत्या. वाल्मीत (जल व भूमी व्यवस्थापन संस्थेत) अध्यापन केलेले जलतज्ज्ञ प्रदीप पुरंदरे सातत्याने लिहीत होते. अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा यांनी जलयुक्त शिवारातल्या अशास्त्रीय खोदाईविरुद्ध उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, आणि त्यातून राज्याचे माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. आक्षेप सरकारी योजनेवर होते, लातूरच्या समितीवर नव्हे. पण मुद्दे लातूरलाही लागू पडतात. आपला खडक काळा बेसाल्ट. वर माती, खाली मुरूम, त्याखाली पाषाण. पाणी मुरते आणि साठते ते प्रामुख्याने मुरमात आणि भेगांत. गाळ काढणे ही एक गोष्ट झाली. गाळ संपल्यावरही यंत्र थांबले नाही आणि मुरूम फोडत खाली गेले, तर काठच्या विहिरींतले पाणी उलट पात्रात पाझरून येते आणि उघड्यावर वाळून जाते. वाळूचेही तेच. वाळू म्हणजे नदीची साठवण, ती नुसती विटांच्या भट्टीशेजारी पडलेली ब्रास नव्हे. खोलीकरणाच्या नावाखाली वाळू उपसायला मोकळीक मिळाली की काय होते, ते सिंदफणेकाठच्या माणसाला मी सांगायची गरज नाही.

2019 चा सप्टेंबरही इथे नोंदवला पाहिजे. पावसाळा सरत आला तरी मांजरा धरण मृतसाठ्यात होते. गणपती विसर्जनाला लातुरात पाणी नव्हते. लोकांनी मूर्ती दान कराव्यात, असे आवाहन प्रशासनाला करावे लागले. 2016 च्या कामाला तीन वर्षे झाली होती. खोल केलेले पात्र तिथेच होते, त्यात यायला पाणीच नव्हते. या प्रसंगावरून काहींनी समितीचे काम वाया गेले असा निष्कर्ष काढला. मला तो पटत नाही. पाऊस पडला नाही हा समितीचा दोष नाही. प्रश्न वेगळा आहे : चांगल्या पावसाचे 2016 आणि टंचाईचे 2019 यांच्या मधल्या वर्षांत धरणातल्या पाण्याचे वाटप कोणी ठरवले, उसाला किती गेले, शहराची गळती किती थांबली? नदीची काळजी घेणाऱ्या संस्थेने हे प्रश्न विचारायचे की गाळ काढून घरी जायचे? लोकवर्गणीतून यंत्र भाड्याने आणता येते, पाण्याच्या वाटपात शब्द घालायला वेगळे धैर्य लागते. उसाच्या राजकारणात बोलणारा डॉक्टर असो की व्यापारी, त्याला दुसऱ्या दिवशी गावातच राहायचे असते.

आता शिरूर कासारकडे. इथली परिस्थिती लातूरची लहान आवृत्ती नाही. शहर लहान आहे, व्यापाऱ्यांची वर्गणी लातूरइतकी होणार नाही. तालुक्यातली हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात ती पाडव्याच्या आसपास परततात. म्हणजे नदीसाठी हात हवेत त्या काळात हात गावात असतात, ही जमेची बाजू. पण हिवाळाभर नदीकडे पाहायला म्हातारी माणसे आणि शाळकरी मुलेच उरतात. दुसरे असे की सिंदफणा इथे डोंगरातून नुकतीच उतरलेली आहे. लातूरची मांजरा रुंद आणि संथ, इथली सिंदफणा पावसाळ्यात तासाभरात चढते आणि तितक्याच लवकर उतरते. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत ती शिरूर कासार शहरात शिरली. सिद्धेश्वराच्या परिसरापासून बाजारापर्यंत ज्यांनी ते पाणी पाहिले त्यांना नदीची रुंदी म्हणजे काय ते कोणी शिकवायला नको. मांजरेकाठी समितीला पाणी थांबवायचे होते. इथे पाणी थांबवायचेही आहे आणि पुराला वाट मोकळी ठेवायचीही आहे. पात्रात भराव, टपऱ्या आणि राडारोडा टाकून नदी अरुंद करायची, आणि मग वर्गणी काढून ती रुंद करायची, यात शहाणपण कुठले?

म्हणून सिंदफणेच्या काळजीचे वर्ष मोजायचे असेल तर ते एप्रिलपासून मोजू नये. मांजरेच्या समितीला एप्रिलपासून सुरुवात करावी लागली, कारण शहराच्या घशाला कोरड पडली होती. सिंदफणेचे वर्ष पावसाळा संपतो तिथे सुरू होते. पुराची खूण भिंतीवर ताजी असते तेव्हाच तिच्यावर रंग लावून तारीख लिहायची. काठच्या निवडक विहिरींची पातळी दिवाळीत, संक्रांतीला आणि पाडव्याला दोरी टाकून मोजायची. हे आकडे भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडेही असतात, पण आपल्या वहीत लिहिलेला आकडा ग्रामसभेत मोठ्याने वाचता येतो. वरच्या गावांत, पाटोद्याच्या उतारांवर, बांधबंदिस्ती कितपत धड आहे ते हिवाळ्यात चालत जाऊन पाहायचे. गाळ नेमका किती साचला आहे ते पात्र कोरडे पडल्यावर मोजायचे, आणि मोजल्यावरच यंत्राला निरोप धाडायचा. काढलेला गाळ हलक्या रानात टाकायचा. 2017 पासून सरकारची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना त्यासाठी आहे. आणि यंत्राने मुरूम दिसताच थांबायचे, हे चालकाला पहिल्या दिवशीच बजावून ठेवायचे.

या सगळ्यात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या दारांचे. पावसाळ्यात दारे काढून ठेवायची आणि परतीचा पाऊस ओसरताच बसवायची, एवढेच त्याचे तंत्र. पण दारे गंजलेली असतात, काही चोरीला गेलेली असतात, रबर फाटलेले असते, आणि बसवायला माणसे मिळेपर्यंत नदीचे शेवटचे पाणी माजलगावकडे निघून जाते. एक बंधारा वेळेवर अडवला तर कोट्यवधी लिटर पाणी एकही पोकलेन न लावता थांबते. दारे बसवण्याची वेळ ऑक्टोबरच्या मध्यावर येते आणि ऊसतोडीच्या टोळ्यांच्या गाड्याही त्याच सुमारास भरू लागतात. तेव्हा कोणत्या बंधाऱ्यावर कोण जाणार, ही नावे घटस्थापनेलाच ठरवून ठेवावी लागतील.